शिडाची स्वयंचलित छोटी बोट बिघडली, तर दोष शोधायचा कसा

बोट किनाऱ्याला लागली, सुकाणू हलत नाही, टेलिमेट्री (बोटीकडून रेडिओने येणारी माहिती) बंद. अशा वेळी बहुतेकांचा पहिला हात बॅटरीच्या प्लगकडे जातो, दुसरा होकायंत्राच्या कॅलिब्रेशनकडे आणि तिसरा नवा सर्वो (सुकाणू फिरवणारी छोटी मोटर) मागवण्याकडे. तिन्ही घाईचे. बॅटरी काढली की रीसेट का झाला होता, म्हणजे बोटीचा संगणक मध्येच बंद पडून पुन्हा का सुरू झाला होता, ते पुसलं जातं. कॅलिब्रेशन नव्याने केलं की जुनी चूक किती अंशांची होती ते कायमचं हरवतं. आणि नवा सर्वो त्याच गंजलेल्या तारेला जोडला की थोड्या दिवसांनी तोही तसाच वागायला लागतो.

क्रम असा ठेवा: पुरावा, वीज, पाणी, संवेदक, हलणारे भाग, आणि सगळ्यात शेवटी प्रोग्राम. हा क्रम मोडू नये, कारण वरच्या पायरीतला दोष खालच्या पायरीवर भलतंच सोंग घेऊन येतो. व्होल्टेज कोसळलं की होकायंत्र भरकटतं, वाऱ्याची दिशा गोठते, जीपीएस हरवतं. बिघाड तीन दिसतात, असतो एकच.

इथे गृहीत धरलेली बोट १ ते २.४ मीटर लांबीची आहे. (अटलांटिक पार करण्याच्या मायक्रोट्रान्सॅट स्पर्धेत २.४ मीटर ही कमाल मर्यादा आहे.) चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, सौर पॅनल, पिक्सहॉक जातीचा ऑटोपायलट (बोट चालवणारा छोटा संगणक) आणि त्यावर आर्डुपायलट हा प्रोग्राम, सुकाणूला एक सर्वो, शिडाची दोरी ओढणारा-सोडणारा एक विंच, डोलकाठीच्या टोकावर वाऱ्याची दिशा दाखवणारं पातं म्हणजे व्हेन (त्याचा कोन चुंबकीय एन्कोडरची चिप वाचते), जीपीएस, होकायंत्र आणि उपग्रह मोडेम. तुमच्या बोटीत पिक्सहॉकऐवजी आर्डुइनो किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असला तरी क्रम तोच.

## तयारी: बोट धडधाकट असतानाच करायची कामं

आजारी बोटीचे आकडे घेऊन काही कळत नाही, जोवर निरोगी बोटीचे आकडे हाताशी नसतात. एका कागदावर हे लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकमध्ये चिकटवा:

- सगळं चालू पण सर्वो स्थिर असताना बॅटरीतून जाणारा करंट.
- सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरताना लागणारा करंट आणि वेळ. विंचचंही तेच, पण दोरीला सामानाचा काटा लावून २ किलोच्या ताणावर.
- आठ दिशांना होकायंत्राचं वाचन, आणि व्हेन हाताने आठ कोनांत धरून त्याचं वाचन.
- भर दुपारी, स्वच्छ आकाशात पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट (दोन्ही टोकं थेट मीटरने जोडून मोजलेला).
- पूर्ण सज्ज बोटीचं वजन, ५० ग्रॅमच्या अचूकतेने.

वजन कशाला, असं वाटेल. हलच्या, म्हणजे बोटीच्या धडाच्या, कोपऱ्यात, फोमच्या मागे साचलेलं पाव लिटर पाणी डोळ्यांना दिसत नाही. काट्यावर मात्र २५० ग्रॅम लगेच दिसतात.

साहित्यात १० अँपिअरपर्यंत मोजणारा मल्टिमीटर, डीसी क्लॅम्प मीटर, करंटला मर्यादा घालता येणारा बेंच पॉवर सप्लाय, सर्वो टेस्टर, टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारा), मोठी सिरिंज, डिस्टिल्ड वॉटर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, नायलॉनचा ब्रश आणि खिळे नसलेलं लाकडी टेबल हवं. टेबलाची अट विनोदी वाटली तरी लोखंडी पायांच्या टेबलावर होकायंत्र तपासण्यात अनेकांच्या संध्याकाळी वाया जातात.

## १. पुरावा गोठवा

बोट अजून जिवंत असेल (एखादा दिवा लुकलुकतोय, पंखा फिरतोय), तर वीज तोडू नका. आधी हे करा:

१. बाहेरून आणि वरून फोटो घ्या: शीड कुठल्या बाजूला, सुकाणू कुठल्या कोनात, दोरी ड्रमवर आहे की बाहेर.

२. दिव्यांचा रंग आणि लय व्हिडिओत घ्या.

३. केबल किंवा रेडिओने जोडून लॉग (बोटीने स्वतः लिहिलेल्या नोंदी) उतरवा. बोटीचा संगणक तुम्ही स्वतः मायक्रोकंट्रोलरवर बनवलेला असेल तर रीसेटचं कारण सांगणारी नोंद आत्ताच वाचा. बॅटरी काढून लावलीत की ती नोंद ‘पॉवर ऑन’ असं सांगेल, म्हणजे तुमचंच कृत्य तुम्हाला परत दाखवेल.

४. मेमरी कार्ड काढून त्याची नक्कल करा; कार्ड झाकणाखाली असेल तर आधी खालचा मुद्दा ५ करा. पुढचं सगळं काम नकलेवर.

५. बंद झाकणासकट बोट गोड्या पाण्याने धुवा, पुसा, आणि मगच झाकण उघडा. न धुता उघडलं तर डेकवरचं मीठ आत पडतं आणि नंतर ते ‘गळती’ म्हणून मिरवतं.

आत पाणी सापडलं तर पुसून टाकू नका. सिरिंजने ओढून किती मिलिलिटर आणि कुठल्या कप्प्यात ते लिहा, मग टीडीएस मीटर बुडवा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे साधा मीटर थेट आपल्या शेवटच्या आकड्यावर जाऊन टेकतो. काहीशेच्या घरात वाचन आलं तर ते दमटपणातून जमलेलं पाणी किंवा पाऊस. दोन्हींवरचे इलाज वेगळे आहेत.

सावधान: खाऱ्या पाण्यात भिजलेली लिथियम बॅटरी चार्ज करू नका आणि घरातही ठेवू नका. उघड्यावर, वाळूच्या बादलीत किंवा सिमेंटच्या ओट्यावर, जळण्याजोग्या वस्तूंपासून लांब ठेवा.

नेहमीची चूक: लॉगमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असते. किनाऱ्यावरून ‘साडेतीनला गोल फिरायला लागली’ असं लिहिलं असेल तर लॉगमध्ये १०:०० वाजताची ओळ बघायची. दुसरी चूक याच जातीची: आर्डुपायलट मूळ सेटिंगमध्ये बोट ‘आर्म’ (मोटरी चालवायला सज्ज) असतानाच लॉग लिहितो. टेबलावरच्या चाचणीचा लॉग हवा असेल तर डिसआर्म असतानाही लिहिण्याचा पर्याय आधी चालू करावा लागतो.

## २. लॉगला तीनच प्रश्न विचारा

आलेख बघत बसण्याआधी बिघाड कुठल्या जातीचा ते ठरवा.

लॉग अचानक तुटून नवी फाइल सुरू झाली आहे का? मग वीज. पायरी ३.

लॉग सलग आहे, पण एखादा आकडा अशक्य आहे का (वाऱ्याची दिशा तासभर एका अंशानेही हलली नाही, बोट सरळ चालली असताना होकायंत्र ४० अंशांनी उडी मारतं)? मग संवेदक किंवा त्याची तार. पण पायरी ३ आणि ४ करूनच ५ वर या.

लॉग सलग आहे, आकडे बरोबर आहेत, हुकूमही बरोबर आहे, तरी बोट ऐकत नाही? मग सर्वो, विंच, दोरी, सुकाणूचा दांडा. पायरी ६.

चौथीही एक शक्यता आहे आणि ती सर्वात जास्त वेळ खाते: काहीच बिघडलेलं नाही. ती पायरी ७ मध्ये आहे.

## ३. वीज: बॅटरीकडून बाहेर चालत या

मल्टिमीटर घेऊन याच दिशेने जा: सेल, बीएमएस (बॅटरीला जपणारं सर्किट), फ्यूज, मुख्य स्विच, रेग्युलेटर (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा), उपकरण. मधून सुरुवात करू नका.

अ. सेल. प्रत्येक सेल वेगळा मोजा. विश्रांतीत ३.२ ते ३.३ व्होल्ट असावा. चारपैकी एक ०.१ व्होल्टपेक्षा जास्त मागे असेल तर बॅटरीची क्षमता त्या एका सेलइतकीच उरली आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज मधल्या सगळ्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतं, म्हणून १३.१ व्होल्ट बघून ‘अर्धी तरी भरलेली आहे’ म्हणणं हा अंदाज, मोजमाप नव्हे. किती शिल्लक आहे ते करंट मोजून, बेरीज-वजाबाकी करूनच कळतं.

आ. बीएमएस. सेल ठीक, पण बाहेरच्या टर्मिनलवर शून्य किंवा दोन-तीन व्होल्ट? बीएमएसने दार बंद केलं आहे. बरेच बीएमएस भार काढून चार्जर लावल्याशिवाय उघडत नाहीत. या अवस्थेतल्या चांगल्या बॅटऱ्या ‘मेल्या’ म्हणून फेकल्या जातात.

इ. भाराखाली व्होल्टेज. भार नसताना गंजलेला जोडही १२.८ व्होल्ट दाखवतो, म्हणून ही चाचणी कुणी टाळू नये. विंचच्या दोरीला काटा लावून ताण द्या, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरं विंचच्या ऋण तारेवर ठेवा. दोन्ही ‘ऋण’ आहेत, म्हणजे वाचन शून्याजवळ हवं. ०.१ व्होल्टपर्यंत चालेल. ०.५ व्होल्ट आलं आणि करंट ५ अँपिअर असेल, तर वाटेत कुठेतरी ०.१ ओहमचा रोध बसला आहे. टोक एकेक जोड पुढे सरकवत या. जिथे आकडा उडी मारतो तो जोड दोषी. मग हेच धन बाजूला करा.

ई. सर्वोची वेगळी वीज. विंच अडकला की ६ ते ८ अँपिअर ओढू शकतो. पाच अँपिअरचा रेग्युलेटर तिथे गुडघे टेकतो. संगणकही त्याच रेग्युलेटरवर असेल तर प्रत्येक जोराच्या झुळुकीला तो रीसेट होतो, आणि लॉगमध्ये दिसतं काय, तर ‘वारा वाढला की प्रोग्राम कोसळतो’. मग माणसं आठवडाभर प्रोग्राम तपासतात. पिक्सहॉकच्या लॉगमध्ये बोर्डाचं व्होल्टेज असतं. ते ५ च्या आसपास स्थिर हवं, विंच चालताना ४.७ च्या खाली घसरता कामा नये. रास्पबेरी पाय ४.६३ व्होल्टच्या खाली स्वतःच कमी व्होल्टेजची नोंद करतो आणि मागे तसं कधी घडलं होतं का तेही सांगतो, फक्त वीज तोडण्याआधी विचारायला हवं.

उ. पॅनल. उघड्या टोकांचं व्होल्टेज मोजून समाधान मानू नका. अर्धमेलं पॅनलही २० व्होल्ट दाखवतं. शॉर्ट सर्किट करंट मोजा आणि कागदावरच्या जुन्या आकड्याशी ताडून बघा. १० वॉटच्या पॅनलला भर उन्हात ०.६ अँपिअरच्या आसपास यावा. पॅनल धुऊन परत मोजा. मिठाची साय आणि पक्ष्यांची विष्ठा एवढ्यानेच फरक पडला तर बिघाड संपला.

ऊ. हिशेब. ठरावीक वेळेला मरणारी बोट बिघडलेली नसते, उपाशी असते. सरासरी ३ वॉटचा खर्च म्हणजे दिवसाला ७२ वॉट-तास. डेकवर आडवं बसवलेलं, शिडाची सावली झेलणारं २० वॉटचं पॅनल चांगल्या दिवशी ४० ते ५० देईल. तूट रोजची आहे, बॅटरी ती काही दिवस लपवते. खूण ठरलेली: पहाटे बंद पडते, उन्हं चढली की आपोआप जागी होते, आणि रोज थोडी आधी बंद पडते.

तपासा: विंच पूर्ण ताणावर दहा वेळा ओढून-सोडून एकही रीसेट नाही, असं झाल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका.

## ४. पाणी आणि गंज

पाणी लाटेने आत शिरतं ही समजूत अर्धीच खरी. बऱ्याचदा बोट ते स्वतः ओढून घेते. किनाऱ्यावर उन्हात ठेवलेल्या बंद हलमधली हवा ५० अंश सेल्सिअसला जाते. तापलेली हवा फटींतून हळूहळू बाहेर गेली, आणि बोट २८ अंशांच्या पाण्यात उतरवली, की आतला दाब सुमारे ७० मिलिबारने खाली येतो. हा ७० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका ओढा आहे. एरवी कधी न गळणारा ग्लँड (केबल आत जाते तिथलं आवळायचं बूच) तेव्हा पाणी पितो. म्हणून हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा व्हेंट डेकच्या उंच भागावर बसवतात. तो मिठाने बुजला आहे का ते आधी बघा.

गळती शोधण्यासाठी:

१. ॲक्वेरियमची पारदर्शक नळी यू आकारात टांगून अर्धी पाण्याने भरा, एक टोक व्हेंटच्या जागी घट्ट बसवा.

२. दुसऱ्या नळीतून सिरिंजने हवा भरा, दोन बाजूंच्या पाण्यात २० सेंटिमीटरचा फरक येईपर्यंत. यापेक्षा जास्त नको. पातळ डेक फुगून चिकटवलेला सांधाच सुटायचा.

३. दहा मिनिटांत फरक २ सेंटिमीटरपेक्षा जास्त कमी झाला तर गळती आहे. साबणाचं पाणी ब्रशने ग्लँड, झाकण, सुकाणूच्या दांड्याची नळी, डोलकाठीचा पाया इथे लावा आणि बुडबुडे बघा.

ही चाचणी सावलीत करा. आतल्या हवेचं तापमान एका अंशाने बदललं तरी पाण्याची पातळी साडेतीन सेंटिमीटर सरकते. ढग आला आणि गेला, तेवढ्यात गळती ‘सापडते’.

ग्लँडच्या नेहमीच्या चुका. पीजी-७ ग्लँड साधारण ३ ते ६.५ मिलिमीटर जाडीच्या गोल केबलसाठी आहे. त्यातून दोन बारीक तारा एकत्र घातल्या तर त्यांच्या मधल्या दरीतून पाणी येणारच, कितीही आवळा. चपटी सर्वो केबलही तिथे चालत नाही.

तारेच्या पोटातून येणारं पाणी. हे दिसत नाही म्हणून सगळ्यात जास्त छळतं. डोलकाठीच्या टोकावर व्हेनच्या तारेला चीर पडली, की पाणी इन्सुलेशनच्या आत, तांब्याच्या बारीक धाग्यांमधून थेंबाथेंबाने खाली उतरतं आणि थेट सर्किट बोर्डावर पोचतं. ग्लँड कोरडा, हल कोरडा, आणि कनेक्टरची फक्त एक पिन हिरवी. शंका आली तर बोर्डाजवळची तार ५ सेंटिमीटर सोला. तांबं नारिंगी, चमकदार असेल तर ठीक. काळं पडलं असेल आणि सोल्डर धरत नसेल, तर ती तार वरपर्यंत बाद. अशी तार मागे-मागे कापत बसण्यात अर्थ नाही, पूर्ण बदला. नवी घालताना मध्ये एका ठिकाणी धागे सोल्डरने भरून त्यावर इपॉक्सी घाला, म्हणजे वाट तुटते.

बोर्ड धुण्याचा क्रम. थेट अल्कोहोल ओतू नका. मीठ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही. ते फक्त इकडून तिकडे सरकतं. आधी डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश, दोन-तीन पाण्यांनी. मग अल्कोहोल, पाणी हाकलण्यासाठी. मग ५० अंशांच्या आसपासच्या गरम हवेत काही तास. वीज त्यानंतरच, तीही बेंच सप्लायवर करंटची मर्यादा कमी ठेवून.

ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता नुसत्या टोचून बसवायच्या) जंपर तारा समुद्रात नेलेल्या बोटीत सापडल्या तर निदान थांबवा, आधी त्या काढा. त्यांच्यासह घेतलेलं कुठलंही वाचन भरवशाचं नाही.

## ५. संवेदक

व्हेन. आकडा गोठला असेल तर आधी हाताने फिरवा. जड फिरला तर बेअरिंगमध्ये मीठ. हलका फिरतो पण आकडा तोच, तर बहुधा चुंबक दांड्यावर सुटला आहे किंवा तार गेली आहे. एएस-५६०० सारखी चिप चुंबक सापडला का, आणि तो फार दुबळा की फार जवळ, हे स्वतः सांगते. ते आधी विचारा. चुंबक आणि चिपमधलं अंतर ०.५ ते ३ मिलिमीटर हवं. दीड मीटरच्या डोलकाठीवरून आय-टू-सी जोडणी नेली असेल तर अधूनमधून अडकणं हा तिचा स्वभावच आहे, ती बोर्डावरच्या छोट्या अंतरासाठी केलेली आहे. चिपचं ॲनालॉग किंवा पल्सच्या रुंदीतलं आउटपुट वापरा.

आकडा मधूनच थेट उलट्या बाजूचा येत असेल तर चूक बहुधा गणितात. ३५९ आणि १ यांची साधी सरासरी १८० येते, आणि बोटीला वाटतं वारा मागून आला. कोनांची सरासरी साइन आणि कोसाइन घेऊनच करावी.

होकायंत्र. चाचणी दोन भागांत. लाकडी टेबलावर आठ दिशा तपासा. मग बोट एका दिशेला स्थिर ठेवून विंच चालवा. विंच चालू होताच दिशा सरकली तर दोष होकायंत्राचा नाही, तारेचा आहे. एकट्या सरळ तारेतून ५ अँपिअर गेले तर १० सेंटिमीटरवर १० मायक्रोटेस्लाचं क्षेत्र तयार होतं. आपल्याकडे पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग सुमारे ३८ मायक्रोटेस्ला आहे, म्हणजे चूक १५ अंशांपर्यंत जाते. येणारी आणि जाणारी तार एकमेकींना पीळ घालून घ्या, होकायंत्र लांब न्या. कॅलिब्रेशनने हे सुटत नाही, कारण करंट सारखा बदलतो.

महाराष्ट्र-गोव्याच्या किनाऱ्यावर चुंबकीय दिक्पात (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला कोन) एक अंशाच्या आतच आहे, त्यामुळे इथे १० अंशांची चूक दिसली तर दिक्पाताला दोष देऊ नका. उलट धोका बोट परदेशी नेण्याचा आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलँडजवळ हाच दिक्पात १५ अंशांहून जास्त, पश्चिमेकडे. शिवाय मुंबईजवळ चुंबकीय नती (पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीकडे झुकण्याचा कोन) २५ अंशांच्या आसपास, आयर्लंडजवळ ६५ च्या पुढे. कलण्याची भरपाई जराशी चुकीची असेल तर इथे ती खपून जाते, तिथे तीच चूक चार-पाच पट होऊन दिसते. अरबी समुद्रात नीट चाललेलं होकायंत्र तिकडे ‘बिघडतं’ ते असं.

जीपीएस. हरवण्याच्या वेळा मोडेमच्या संदेशांच्या वेळांशी जुळतात का बघा. इरिडियम या उपग्रह सेवेचा मोडेम १६१६ ते १६२६.५ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि जीपीएस १५७५.४२ वर ऐकतं. दोन अँटेना शेजारी असतील तर एक बोलताना दुसऱ्याच्या कानठळ्या बसतात. शक्य तेवढं अंतर वाढवा. मोडेम क्षणभर भरपूर करंट ओढतो हेही लक्षात घ्या, म्हणजे पुन्हा पायरी ३.

## ६. सुकाणू आणि विंच

पहिली कृती एकच: सर्वो आणि सुकाणू यांना जोडणारी सळई सोडवा. आता दोघांना वेगवेगळं तपासता येतं.

सर्वोला टेस्टरवर लावा. १००० ते २००० मायक्रोसेकंद, मध्य १५००. करंट बघत राहा. करंटच शून्य: तार तुटली किंवा आतला बोर्ड गेला. करंट येतो, घरघर ऐकू येते, पण सर्वोचा दांडा हलत नाही: आतले दाते झिजले. दांडा हलतो आणि करंट कागदावरच्या आकड्यापेक्षा जास्त नाही: सर्वो निर्दोष, दोष पलीकडे.

पलीकडे म्हणजे सुकाणूचा दांडा. बोटांनी फिरवा, दोन्ही टोकांपर्यंत. नायलॉनचं बुश पाणी शोषून फुगतं. कार्यशाळेत सैल फिरणारं सुकाणू दोन दिवस पाण्यात राहिल्यावर आवळतं ते त्यामुळे. ॲसिटलचं बुश याबाबतीत बरंच बरं. दांड्यावरचा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू) गोल भागावर आवळलेला असेल तर घसरणारच. कानसीने सपाट जागा करून त्यावर बसवा.

विंचच्या बाबतीत दोरी बघा. सैल पडलेली दोरी ड्रमवरून उडून अक्षाला गुंडाळते, हा सर्वात जास्त दिसणारा बिघाड. तो प्रोग्राममध्ये शोधून सापडणार नाही. ताकदीचा हिशेबही करा: १५ किलो-सेंटिमीटरचा विंच २ सेंटिमीटर त्रिज्येच्या ड्रमवर जास्तीत जास्त साडेसात किलो ओढतो, आणि रोजचं काम त्याच्या निम्म्यातच बसायला हवं.

तपासा: सर्वो बदलला की दिशा उलटी झाली नाही ना ते जमिनीवरच पाहा. स्वयंचलित अवस्थेत बोट हाताने उजवीकडे वळवा. सुकाणू तिला डावीकडे परत आणेल अशा बाजूला जायला हवं.

## ७. प्रोग्राम, आणि बिघाड नसलेला बिघाड

इथवर आलात तर मेमरी कार्ड भरलं आहे का, नव्या आवृत्तीत सेटिंग पुसली गेली का, वाऱ्यासमोरचा वर्ज्य कोन (ज्यात बोट शिडावर जाऊच शकत नाही) फार लहान ठेवला का, एवढं बघा. वर्ज्य कोन लहान असला की बोट वाऱ्याच्या तोंडाशी अडकून शीड फडफडवत उभी राहते.

पण बोट मुक्कामाच्या बिंदूभोवती घिरट्या घालत असेल तर आधी भरती-ओहोटीचं कोष्टक काढा. उधाणाच्या ओहोटीत खाडीच्या तोंडाशी प्रवाह सेकंदाला १ मीटरच्या पुढे जाऊ शकतो, आणि हलक्या वाऱ्यात मीटरभर लांबीची बोट जेमतेम ०.५ ते ०.७ करते. ती उलटीच जाणार. होकायंत्राची दिशा आणि जीपीएसची दिशा यांत मोठा फरक, आणि फरकाचा रोख दर सहा तासांनी उलटतो: हा प्रवाह. चाचणी भांगाच्या दिवशी पुन्हा करा.

## ८. बोट लांब समुद्रात असताना

सावधान: भारतात उपग्रह मोडेम दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय वापरू नका, परदेशातून सामानात आणूही नका.

इरिडियमच्या छोट्या मोडेमवरून एका संदेशात ३४० बाइट जातात. स्थान आणि वेळ सोडून उरलेली जागा निदानाला द्या. या क्षणाचा आकडा उपयोगाचा नाही. मागच्या संदेशापासूनची किमान आणि कमाल पाठवा. व्होल्टेज किमान, रीसेटची संख्या आणि कारण, व्हेन किमान-कमाल, सुकाणूचा सरासरी करंट, हलमधला दाब आणि आर्द्रता.

समजा संदेश आला: व्होल्टेज किमान ११.९, रीसेट ४, कारण कमी व्होल्टेज, व्हेन किमान ११२ कमाल ११२, सुकाणू करंट नेहमीचा, आर्द्रता ९१. नजर व्हेनवर जाते. पण चारही रीसेट पहाटेचे असतील तर मूळ दुखणं उपासमारीचं, आणि व्हेनची चिप अर्धवट व्होल्टेजला अडकून बसली असण्याची शक्यता मोठी. आधी खर्च कमी करण्याचा हुकूम द्या: विंच दर मिनिटाऐवजी दर दहा मिनिटांनी, संदेश तासाऐवजी सहा तासांनी. दुपारी बॅटरी सावरल्यावर व्हेनची वीज बंद-चालू करा. आर्द्रता नोंदवून ठेवा. हलमधला दाब दिवस-रात्रीच्या तापमानाबरोबर हलतोय तोवर हल बंद आहे असं धरायला हरकत नाही. व्हेंट असलेल्या हलला मात्र ही खूण लागू नाही.

नेहमीची चूक: उत्तर येत नाही म्हणून एकापाठोपाठ चार हुकूम पाठवणं. बोटीकडे जाणारे संदेश रांगेत थांबतात आणि जाग आली की एकेक करून सगळे पोचतात, जुन्यातला जुना आधी. एका वेळी एकच हुकूम, त्याची पोच आली की पुढचा.

## ९. दुरुस्ती झाली हे कसं ठरवायचं

दोष मुद्दाम पुन्हा निर्माण करता आला, आणि दुरुस्तीनंतर तसं करता आलं नाही, तर दुरुस्ती झाली. जुना सैल जोड परत लावून रीसेट आणा, नवा लावून तीच चाचणी करा. नुसतं ‘आता चालतंय’ हे उत्तर नाही.

मग टाकीत लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ घालून बोट २४ तास ठेवा, त्याआधी तासभर उन्हात तापवून. बाहेर काढून पुसा, वजन करा. ५० ग्रॅमपेक्षा जास्त वाढ असेल तर पायरी ४.

पहिली फेरी सकाळी, मतलई वारे पडत आलेले आणि खारे वारे सुटायचे असतात त्या वेळेत, लांब दोरी बांधून. धरणाच्या पाण्यात करणार असाल तर जलसंपदा विभागाची परवानगी आधी काढा. दुपारी वारा चढला की दोरी न सोडता विंचला पूर्ण ताणावर काम करू द्या आणि बोर्डाच्या व्होल्टेजचा आलेख बघत राहा. परत आल्यावर कागदावरचे सगळे आकडे नव्याने घ्या. बदललेल्या सर्वोचा करंट जुन्या सर्वोसारखा नसतो, आणि पुढच्या वेळी तुलना या नव्या आकड्यांशी करायची आहे.